पंडिता रमाबाई आणि चौपाटीचं शारदा सदन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव-गावदेवीच्या गल्ल्यांमधून विद्यार्थ्यांना फिरवताना, महिला मंडळांत बोलताना पंडिता रमाबाईंविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक प्रश्न त्यांच्या ख्रिस्ती होण्यापाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाबद्दल, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या शाळेबद्दल, विचारणारे थोडे, आणि ते मुंबईत सुरू झालं हे माहीत असणारे त्याहून थोडे. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सदनावर मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

या नेमक्या कोणत्या रमाबाई?

मुंबईत हा प्रश्न अगदी रास्त आहे. घाटकोपरचं रमाबाई नगर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाईंच्या नावाचं आहे. सेवा सदनाच्या रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी. आपण ज्यांच्याविषयी बोलतोय त्या तिसऱ्या, संस्कृतच्या विद्वान आणि शारदा सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाई. गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे: रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०८ मध्ये सुरू झालेलं सेवा सदन आज गावदेवीत ज्या रस्त्यावर उभं आहे, त्या रस्त्याचं नाव पंडिता रमाबाई मार्ग.

रमाबाई रानडे आणि पंडिता रमाबाई एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. १८८२ मध्ये पुण्यात दोघींनी एकाच बाईंकडे, मिस हरफर्ड यांच्याकडे, इंग्रजीचे धडे घेतले. एक सनातनी वळणाच्या भरल्या घरातली सून, दुसरी कडेवर मूल असलेली तरुण विधवा. रानड्यांच्या घरातल्या बायकांना हे इंग्रजी शिकणं मुळीच पसंत नव्हतं.

त्या मूळच्या कुठल्या? इतकं संस्कृत शिकल्या कुठे?

जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी पाहिलं की आपले गुरू पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकवतात. बाईला देवभाषा शिकवता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली.

पुढे गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. अनंतशास्त्री तेव्हा चाळिशी ओलांडलेले विधुर होते. आजच्या डोळ्यांनी हे लग्न बघवत नाही, आणि त्याला सोज्वळ करून सांगण्याचं काही कारण नाही. पण याच लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं, धर्माधिकाऱ्यांनी जाब विचारला तेव्हा शास्त्राधार काढून उत्तर दिलं, आणि गावातला विरोध सोसवेना तेव्हा जंगलात बिऱ्हाड केलं.

रमाबाईंना शिकवलं ते आईने. वडील म्हातारे झाले होते, दिवसा घरात विद्यार्थी आणि पाहुण्यांचं करणं असे, म्हणून आई पहाटे झोपेतल्या मुलीला मांडीवर घेऊन उठवायची आणि पाखरं जागी व्हायच्या वेळी पाठ द्यायची. पाठांतर तोंडी. भागवताचे हजारो श्लोक असे मुखोद्गत झाले. पुढे अमेरिकेत लिहिलेलं इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी आईलाच अर्पण केलं.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, पाठोपाठ मोठी बहीण. पुराण सांगून मिळेल त्यावर जगणारं हे कुटुंब उपासमारीत संपलं. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. दोघं अनवाणी, अर्धपोटी, हिंदुस्थानभर पायी फिरत राहिले. दुष्काळ त्यांनी अंगावर काढला होता हे लक्षात ठेवा. पुढे दुष्काळातल्या बायकांसाठी त्यांनी केडगावला उभं केलेलं काम समजायला ते लागतं.

‘पंडिता’ ही पदवी कोणी दिली?

कलकत्त्याच्या विद्वानांनी, १८७८ मध्ये. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात बोलते, विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे श्लोकात उत्तर देते, हे पाहून त्यांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या दोन्ही पदव्या दिल्या.

त्याच कलकत्त्यात त्यांना स्त्रीधर्मावर व्याख्यान द्यायला सांगितलं गेलं. त्यासाठी त्या धर्मशास्त्राची पुस्तकं नीट वाचायला बसल्या आणि अस्वस्थ झाल्या. एरवी एकमेकांशी वाद घालणारे ग्रंथ एका बाबतीत मात्र एकमत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं: स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी. पुढच्या कित्येक निर्णयांचं मूळ मला या वाचनात दिसतं.

लग्न कोणाशी झालं?

बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, १८८० मध्ये, नोंदणी पद्धतीने. ते ब्राह्मण नव्हते. भाऊ श्रीनिवास त्याच वर्षी वारला होता. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेलं. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेले होते. पोरीला घेऊन त्या पुण्याला आल्या.

हंटर आयोगापुढे त्या काय बोलल्या?

पुण्यात येताच त्यांनी आर्य महिला समाज काढला. मुंबईतही त्याची शाखा निघाली. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. सप्टेंबरात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष झाली, ती त्यांनी मराठीतून दिली.

साक्षीत आडपडदा नव्हता. शंभरातले नव्याण्णव सुशिक्षित पुरुषसुद्धा स्त्रीशिक्षणाच्या आणि स्त्रीच्या योग्य स्थानाच्या विरोधात आहेत, बाईची राईएवढी चूक दिसली की तिचा पर्वत करतात, असं त्यांनी सरकारी आयोगासमोर सांगितलं. मागण्याही रोकड्या: शिक्षिका तयार करा, शाळा तपासायला स्त्रिया नेमा, स्त्रियांना डॉक्टर होऊ द्या, कारण लाजेपायी बायका दुखणं सांगत नाहीत आणि मरतात. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दरवाजे स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले आणि बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं. म्हणजे रमाबाई बोलत होत्या तो काळाचा नेमका प्रश्न होता.

मग धर्मांतर का केलं?

वैद्यकीय शिक्षणासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिकिटाचे पैसे पुस्तकाच्या विक्रीतून आले. पुण्याच्या मिशनमधल्या सिस्टर्सच्या ओळखीने इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्या सिस्टर्सच्या मठात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कारण त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. लंडनजवळच्या एका आश्रमात वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. अशा बाईला पुन्हा उभं करायचं असतं, ही कल्पनाच त्यांना आपल्याकडच्या शास्त्रांत सापडली नव्हती. हे कारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण आमिषाला भुलल्या म्हणणाऱ्यांनी त्यांचा तिथला पत्रव्यवहार वाचावा. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी त्याच सिस्टर्सशी वर्षानुवर्षं वाद घातले. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत पटत नाही म्हणाल्या, एकाच पंथाची आज्ञा पाळणार नाही म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारलं. मांसाहार केला नाही तो नाहीच. महाराष्ट्रात निषेधाचा गदारोळ उठला तेव्हा त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिणारे फार थोडे होते, त्यांत जोतीराव फुले होते.

डॉक्टर मात्र होता आलं नाही. कानाने कमी ऐकू येऊ लागलं होतं.

अमेरिकेला का गेल्या? सदनासाठी पैसा कुठून आला?

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. थोडे दिवस राहायला म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. बालोद्यान शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या, त्याच वर्षी रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हातोहात खपलं. डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. मुंबईत विधवांसाठी काढायच्या शाळेचा खर्च दहा वर्षं उचलण्याचं तिने कबूल केलं. अट अशी की शाळेत कोणत्याच धर्माची शिकवण द्यायची नाही.

अमेरिकेवर त्यांनी भाळून लिहिलं असा समज आहे. त्यांचं मराठी प्रवासवृत्त १८८९ मध्ये मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात छापलं गेलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शाळा, संघटित काम यांचं कौतुक भरभरून आहे. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना दिल्या गेलेल्या वागणुकीबद्दल त्या तितक्याच परखड आहेत.

शारदा सदन कुठे आणि कधी सुरू झालं?

चौपाटीजवळ, भाड्याच्या जागेत, ११ मार्च १८८९ रोजी. विल्सन कॉलेजची आजची इमारत तिथे उभी राहिली तो हाच सुमार. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी तीन वर्षं झाली होती. उद्घाटनाच्या सभेचं अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकर यांनी भूषवलं. त्या काळी सभेत बाईने नुसतं बसणंही चर्चेचा विषय होई, आणि इथे अध्यक्षस्थानी बाई होती.

मुंबईच का? रमाबाई १ फेब्रुवारीला याच बंदरात उतरल्या होत्या. गिरगावात प्रार्थना समाजाचं वीस वर्षांहून जुनं काम होतं, सुधारकांचा गोतावळा होता. आणि कोकणातून नोकरीसाठी आलेला, चाळीत राहणारा, बहिणीला किंवा भावजयीला शिकवावं असं मनात असलेला पण घाबरणारा मराठी मध्यमवर्ग इथेच होता. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोन.

त्या दोघी कोण?

एक कुमारिका होती, शारदा गद्रे. दुसरी गोदूबाई, विधवा. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

गोदूबाई जोशी कोकणातली. आठव्या वर्षी नातूंच्या घरी लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आधी ती विधवा झाली होती. पुढची बरीच वर्षं सासरी केशवपन केलेल्या डोक्याने घरातली आणि शेतातली कामं उपसण्यात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता आणि त्याचा मित्र धोंडो केशव कर्वे याच्याबरोबर बिऱ्हाड करून राहत होता. नरहरपंताने बहिणीला मुंबईत आणलं. विशी उलटल्यावर तिच्या हाती पाटी आली. शारदा सदन उघडलं तेव्हा भावाने तिला तिथे पोचवलं.

कर्वे गणित शिकवत. १८९१ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले, त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. तारीख पाहिलीत? तोच सदनाचा दिवस. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, साऱ्यांच्या ‘बाया’. कर्व्यांच्या गावी, मुरुडला, गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं.

१८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं. विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं, आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईत आलं. चर्चगेटला उतरून एसएनडीटीत जाणाऱ्या मुलींपैकी किती जणींना माहीत असेल की आपल्या विद्यापीठाची एक मुळी दीड-दोन मैलांवरच्या चौपाटीत रुजलेली आहे? कर्व्यांचं मोठेपण यातून तसूभर कमी होत नाही. पण त्यांच्या संसारात आणि कामात आलेली बाई रमाबाईंनी लिहिती-वाचती केली होती, हे सांगायचं का राहून जातं?

सदनात शिकवत काय? राहणं कसं होतं?

वाचन, लेखन, गणित, इंग्रजी, शिवण, घरकाम. शिकवून शिक्षिका करायचं, म्हणजे बाई आपल्या पायावर उभी राहील, असा हिशेब. रमाबाईंच्या आधीही विधवांविषयी कळवळा होता, व्याख्यानं होती, १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदाही होता. पण लग्न करायचं नसेल, किंवा होत नसेल, तर त्या बाईने आज रात्री झोपायचं कुठे आणि जेवायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. रमाबाईंनी आधी घर दिलं, मग पुस्तक दिलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं योगदान हा क्रम आहे.

घरही असं की पालकांना मुलगी धाडताना आडकाठी वाटू नये. स्वयंपाक ब्राह्मण बाईच्या हातचा. सोवळं-ओवळं, उपास, पूजा ज्यांना पाळायची त्यांना मुभा. संस्था काढणारी बाई ख्रिस्ती, पण नाव सरस्वतीचं.

मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाशी त्यांचा काय संबंध?

डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं. त्याला पहिल्यांदाच स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर राहिल्या. त्यांत रमाबाई होत्या. जोडून झालेल्या सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या.

पुढच्याच वर्षी मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. त्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून लोखंडे सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं हे कामही माहीत व्हायला हवं.

सदन पुण्याला का गेलं?

मुंबई परवडेना. भाडं आणि राहणीचा खर्च जास्त होता. नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्याला हललं.

सदनात मुलींना बाटवलं जात होतं, हा आरोप खरा आहे का?

सरळ उत्तर द्यायचं तर, सक्ती झाल्याचं दिसत नाही, आणि आकर्षण नव्हतं असंही म्हणता येत नाही. सदनात ख्रिस्ती धर्म शिकवला जात नव्हता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. ज्यांना वाटे त्या मुली जाऊन बसत. त्या मुलींवर त्यांचा जीव होता आणि मुलींचा त्यांच्यावर. अशा बाईच्या श्रद्धेची ओढ वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मुलगी हिंदू म्हणून पूजा करू शकते तशीच तिला दुसरं काही जाणून घ्यायचीही मोकळीक हवी, मी दार लावून घेणार नाही. रानडे-भांडारकरांची अडचणही खरी होती. निधर्मी शाळा म्हणून त्यांनी लोकांना शब्द दिला होता, आणि आधीच भेदरलेले पालक पुन्हा मुली पाठवणार नाहीत अशी त्यांना भीती होती. मला खुपतं ते वेगळंच: या सगळ्या वादात त्या मुलींना काय हवंय हे विचारल्याच्या खुणा फार कमी सापडतात. काढून नेलेल्या कितीतरी जणी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या.

केडगावला काय झालं?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली-बायका घेऊन आल्या. काहींचे नुसते सांगाडे उरले होते. पुण्यात प्लेग होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला मनाई झाली, म्हणून केडगावच्या आधी घेतलेल्या शेतावर झोपड्या, तंबू टाकून सोय केली. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर आणखी शेकडो जणी आल्या. इथे जातीची अट उरली नाही. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून शिकवू लागली. बायका विणकाम, शेती, दूधदुभतं करत, छापखान्यात खिळे जुळवत. केडगावचं काम उघडपणे ख्रिस्ती होतं, ते लपवलं गेलं नाही.

प्लेगच्या काळात पुण्याच्या छावणीत आपल्या एका मुलीला मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी कारभारावर तोफ डागली. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत निघालं. रमाबाईंना इंग्रजधार्जिण्या म्हणणाऱ्यांना हे पत्र ठाऊक नसतं.

बायबलचं भाषांतर त्यांनी एकट्याने केलं?

हो, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा आग्रह. खिळे जुळवायला केडगावच्याच बायका. संपूर्ण ग्रंथ निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये.

शेवट कसा झाला?

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम तिच्या हाती सोपवायचं ठरलं होतं. ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला, रमाबाई गेल्या. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारचं कैसर-ए-हिंद पदक मिळालं होतं. १९८९ मध्ये, म्हणजे शारदा सदनाला शंभर वर्षं झाली त्या साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

त्यांचं स्वतःचं काय वाचावं?

आधी अमेरिकेचं प्रवासवृत्त. भाषा सव्वाशे वर्षांपूर्वीची असली तरी अडत नाही, आणि लिहिणारीची नजर भलतीच चौकस आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ वाचून काहींची निराशा होते, कारण त्यात सुगृहिणीला उपदेश बराच आहे. ते पुस्तक चोवीस वर्षांच्या, महाराष्ट्रात नुकत्याच आलेल्या बाईचं आहे हे ध्यानात ठेवून वाचावं. मधल्या सात वर्षांत त्या कुठून कुठे पोचल्या, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं.

मुंबईहून केडगावला जाऊन पाहता येतं का?

येतं. हे केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. अहिल्यानगर शहराला लागून दुसरं केडगाव आहे, नकाशात शोधताना पुष्कळ जण तिकडे भरकटतात. मुंबईहून पुण्याला जाऊन दौंडकडची गाडी धरावी. मुक्ती सदनाचं काम मुक्ती मिशन या नावाने आजही चालू आहे. तिथे मुली आणि स्त्रिया राहतात, त्यांचं ते घर आहे. त्यामुळे आधी कळवून, परवानगी घेऊनच जावं, आणि आत गेल्यावर मुलींचे फोटो काढू नयेत.